पालथा घोडा
जवसाच्या तेलाचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. एका वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी होटगीकडचा एक म्हातारा मेंढपाळ आपल्या परवान्याच्या बंदुकीचा नुसता लाकडी दस्ता घेऊन माझ्या सुतारकामाच्या शेडमध्ये आला. सोबत खंडोबाचा पितळी घोडा, जाड पत्र्याचा, एका बाजूला डोळा नि आयाळ कोरलेला. "ह्यो ह्यात बसवा. उद्या बंदूक पूजंत मांडायचीय," म्हणाला. दिवसभर खपून मी त्या शिसवी दस्त्यात घोड्याच्या आकाराची खाच कोरली, तेलाचा हात दिला, आणि घोडा काही केल्या आत जाईना. कागदावर काढलेला आकार मी लाकडावर उलटा चिकटवला होता! रागाच्या भरात घोडा पालथा करून दाबला, तर खटकन बसला, आणि असा घट्ट की उचकटला असता तर दस्ताच चिरला असता. नक्षी आत, सपाट पाठ वर. म्हातारा बराच वेळ त्यावर अंगठा फिरवत राहिला. "बसलाय लई झ्याक," म्हणाला, "पर डोळा कुटं हाय त्येचा?" अजून दर वर्षी खंडेनवमीच्या आधी म्हातारा तो दस्ता माझ्याकडेच घेऊन येतो, डोळ्याबद्दल अवाक्षर काढत नाही, आणि मी ती सपाट पाठ घासत बसतो, तिच्यात माझंच तोंड दिसेपर्यंत.