दर महिन्याले येत जाय

कापसाच्या त्या वाईट वर्षांत दारव्ह्याजवळच्या एका बंजारा तांड्यावर मी मास्तर होतो. तिथला दवाखाना बघायला परदेशातून एक आरोग्यवाली बाई येणार म्हणून भिंतींना चुना लागला, दाराचं कुलूप निघालं आणि डॉक्टरही हजर झाले. सोबतचे मोठे साहेब दुभाष्याचं काम करत होते.

सोयी कशा आहेत, असं पाहुणीनं विचारलं. ओट्यावर बसलेली एक म्हातारी बसल्या जागेवरूनच बोलू लागली. तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. कोपराच्या वर पांढऱ्या बांगड्या, आणि बोलताना त्या सारख्या वर सारायची सवय.

"या बाईले सांगा, दर महिन्याले येत जाय. तू आली का डॉक्टर येते. फवारणीत आमचे पोरं चक्कर येऊन पडले, तवा इथं कुलूप होतं."

साहेबांनी इंग्रजीत एवढंच सांगितलं की म्हातारी आभार मानतेय.

तिनं बांगड्या सारल्या. "साहेब, मी एवढं बोलली, तुमचं एवढ्यात कसं सरलं? मास्तर, तुम्ही सांगा."

साहेब माझ्याकडे बघत होते. बदलीचा विचार मनात येऊन गेला, पण म्हातारीही बघत होती. मी सगळं सांगून टाकलं.

पाहुणी मोठ्यानं हसली. "आमच्याकडेही मंत्री येणार असला की दवाखाना रंगवतात," म्हणाली. साहेबही हसले, जरा उशिरा.

तिचं बोलणं मी म्हातारीला सांगितलं. तिनं पाहुणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सरकून ओट्यावर जागा केली.

"मंग उभी काहून हाये? बस म्हणा. आपलीच हाये."