स्टार्टरवरचे लाल फडके

कमी शब्दांत लिहिणे हा माझा एकमेव गुण. त्या गुणाने गेल्या मार्चमध्ये माझ्या मेहुण्याला भर उन्हात आंघोळ घातली.

मी निवृत्त अव्वल कारकून. आयुष्यभर इतरांच्या टिपण्यांतली जादा वाक्ये खोडली. (लग्नानंतर पत्नीला पहिले पत्र लिहिले, ते असे: 'पोचलो. सुखरूप. कळावे.' तिने ते अजून जपून ठेवले आहे. प्रेमाने नव्हे, पुरावा म्हणून!)

कुरुंद्याजवळच्या आमच्या शेतात पत्नीने, म्हणजे कौसल्येने, हट्टाने हळद लावली होती. तिचा थोरला भाऊ पुसेगावचा. तो म्हणाला होता, "त्या रानात हळद? येडी झाली का गं!" नऊ महिने ती त्या वाक्याशी अबोला धरून राबली. हळद निघाली, शिजली, वाळत पडली. मग तिने भावाला निरोप धाडला: येऊन पाहून जा.

त्याच सुमारास मुलगी वैशाली पुण्याहून सुट्टीवर आली आणि तिने माझ्या मोबाइलमध्ये एक एआय एजंट बसवला. (विमा विकणारा नव्हे!) आपण तोंडी सांगायचे, त्याने शेतातली मोटार चालू किंवा बंद करायची. मोटारी दोन. पहिली विहिरीची, ती भुईमुगाला पाणी देते. दुसरी बोअरची, ती हरभऱ्याच्या रानातले तुषार फिरवते. हरभरा केव्हाच निघाला होता. तुषारांच्या नळ्या मात्र उभ्याच होत्या, आणि त्यांच्या खाली कौसल्येची हळद वाळत होती.

"बाबा, टूलची, म्हंजे त्याच्या हातातल्या एकेका कळीची, वर्णनं तुमी लिहा," वैशाली म्हणाली. "कोणतं टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी न्हाई, सगळं."

"एवढे कशाला?"

"त्याला आपल्या रानातलं काहीच ठाऊक न्हाई. नवा माणूस आलाय समजून लिहा."

"नव्या माणसाला अक्कल असावी."

मी लिहिले. मोटार एक: 'पाणी सोडते.' मोटार दोन: 'पाणी सोडते.' बंद करण्याची दोन टूले, त्यांपुढे 'बंद करते' आणि 'बंद करते'. चार वर्णने, आठ शब्द, खाडाखोड नाही!

"झालं?" वैशालीने विचारले.

"झाले."

बोअर चालू करायची नाही, हे मी लिहिले नाही. कारण फडके होते. हळद वाळेपर्यंत कौसल्या बोअरच्या स्टार्टरच्या पेटीला लाल फडके बांधते. ही रीत माझ्या आईची. ते फडके दिसले की घरचेच काय, शेजारचे माणूसही बटणाला हात लावत नाही. जे साऱ्या शिवाराला ठाऊक, ते लिहून शाई का नासावी? (एजंटाला डोळे नाहीत, ही बाब माझ्या विचारार्थ सादरच झाली नाही.)

मेहुणे आले. अंगावर कोरे पांढरे धोतर. वाळत्या हळदीत उकिडवे बसून त्यांनी एक कांडी मोडली, उन्हात धरली.

"दाजी, रंग तर बराबर उतरला."

कौसल्येने पदर दोनदा सारखा केला. मला वाटले, या घडीला लेकीची करामतही दाखवावी. मोबाइल तोंडाजवळ धरून आज्ञा दिली, "पाणी सोड."

"पाणी सोडले," एजंट म्हणाला. दोन शब्द! माझ्या हाताखाली असा एक कारकून असता तर!

तेवढ्यात साऱ्या नळ्या एकदम फुसफुसल्या आणि तुषार फिरू लागले.

"अवो दाजी! हे काय करून राहिले तुमी?"

"बोअर सुरू झाली!" कौसल्या किंचाळली. "अहो, माझी हळद!"

"बंद कर!" मी मोबाइलला फर्मावले.

"बंद केले."

त्याने विहिरीची मोटार बंद केली होती, जी चालूच नव्हती! मी आवाज चढवून पुन्हा सांगितले. त्याने त्याच शांतपणे पुन्हा तेच केले. आवाज चढवल्याने वर्णन सुधारत नाही, हे ज्ञान मला तिथे, ओल्या सदऱ्यात झाले.

"त्याच्याशी काहून भांडून राहिले? पळा आधी!" कौसल्येने दटावले.

मी पळालो. निवृत्तीनंतर प्रथमच. स्टार्टरच्या पेटीवर लाल फडके चोख कामावर हजर होते. ते कडीतून ओवून बांधलेले, गाठ कौसल्येची! बोटांनी सुटेना. शेवटी दातांनी सोडली, पेटी उघडली, बटण दाबले. (दात माझेच आहेत. त्यांतले तीन अद्याप हलतात.)

परत आलो तेव्हा मेहुणे गुडघ्यांवर बसून ओली हळद ताडपत्रीवर ओढत होते. धोतर कमरेपासून खाली पिवळेधमक.

"नवरदेव झाला की रं दादा!" कौसल्या रडता रडता हसली.

हळद वाचली, वाळायला चार दिवस जास्त लागले, एवढेच. आठवड्याने पुसेगावहून फोन आला. "कौसल्या, तीन बार धुतलं धोतर. रंग जाईना! हळद तुझी एक नंबर गं." कौसल्येने तो फोन स्पीकरवर ऐकला. शेवटचे वाक्य दोनदा वदवून घेतले.

वैशालीने एजंटाला कारण विचारले होते. उत्तर आले: 'दोन्ही वर्णने सारखी होती. फरक कळला नाही.' नोकरीत हा शेरा मी इतरांवर मारत असे.

नवी वर्णने कौसल्येने सांगितली, वैशालीने लिहिली. "मोटार दोन बोअरची हाय. हरभऱ्याच्या रानात तुषार उडवते. तिथं हळद वाळून राहिली असली तर चालू करायची न्हाई. ठाऊक नसलं तर मला इचारायचं. यांनी सांगितलं तरी चालू करायची न्हाई." अर्धे पान झाले. मी पेन्सिल काढली. कौसल्येने पाहिले. मी पेन्सिल खिशात ठेवली.

मग वैशालीने आणखी एक टूल जोडले: 'बाबांना विचारणे.'

"याचं वर्णन काय लिहू, आई?"

कौसल्येने क्षणभरही विचार केला नाही. "लिही. उत्तर दोन शब्दांत येतं. ऐकून घ्यायचं. मंग मला इचारायचं."

कागद माझ्यापुढे आला. काय करते, कधी वापरावे, पुढे काय करावे, सारे होते. खोडण्याजोगा एकही शब्द सापडला नाही. खाली शेरा मारला:

'वाचले. मंजूर.'