तिने टीव्हीला दिलेला नंबर

मला कुणी हिंदीवाली म्हटलं की माझं डोकं सटकतं. बदली होऊन चेन्नईत आले त्या दिवसापासून खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण मामी मला तेच म्हणायच्या. त्यांच्या लेखी आंध्राच्या वर राहणारे सगळे हिंदी. चारदा सांगितलं, मामी, आम्ही मराठी, आमची भाषा वेगळी. त्या मान डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, हिंदी अम्मा, पाणी आलंय.

मी बँकेत, अंबत्तूरच्या शाखेत, घरही तिथेच जवळ. एप्रिलमध्ये धाकटी बहीण नागपूरहून एका पिशवीनिशी माझ्याकडे आली. नवऱ्याने मारलं होतं, आणि पहिल्यांदा नव्हे. याआधी दोनदा आम्ही नातेवाइकांनीच समजूत घालून तिला परत पाठवलं होतं. त्यात मीही होते, हे लिहिताना लाज वाटते. या वेळी तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता. त्याने तिला बजावलं होतं की गेलीस तर असशील तिथून फरफटत आणीन. माझी बदली त्याला ठाऊक नव्हती, मी अजून पुण्यातच आहे असं तो समजत होता. आमची सगळी भिस्त तेवढ्यावर.

ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. तमीळ कळत नाही, आमच्या केबलवर मराठी नाही. म्हणून मी टीव्ही आणला, नेटवर चालणारा, हवं ते मराठी दाखवणारा. रविवारी दुपारी दुकानातला माणूस तो भिंतीवर बसवून गेला आणि आम्ही दोघी समोर बसलो. टीव्हीने आधी भाषा विचारली, मग वायफाय, मग म्हणे खात्याचा मोबाइल नंबर टाका. माझा नंबर असल्या ठिकाणी द्यायचा नाही हा माझा नेम. मी तिला म्हटलं, तुझा टाक. ती रिमोट धरून घुटमळली.

"अगं टाक की," मी खेकसले. "टीव्ही आहे तो, सासू नाही."

तिने टाकला, दहाही आकडे न अडखळता. स्क्रीनवर आलं, तुमच्या फोनवर होकार द्या. तिच्या मांडीवरचा नवा फोन गप्प. मी नेटवर्कला शिव्या घातल्या, फोन खिडकीत नेऊन धरला. तेवढ्यात टीव्ही आपोआप उघडला. कोपऱ्यात एक गोल फोटो होता. गॉगल लावलेला तिचा नवरा.

दहा वर्षं गॅसच्या नोंदणीपासून दवाखान्याच्या केसपेपरपर्यंत तिने सगळीकडे त्याचाच नंबर लिहिला होता. स्वतःचा नवा नंबर तिला पाठही नव्हता. मी घाई केली आणि तिच्या बोटांनी सवयीचा नंबर टाकला.

"ताई," ती म्हणाली, "हो म्हणाला तो."

मी उठून भिंतीवरचं बटणच बंद केलं.

सोमवारी बँकेत आमची कॉम्प्युटरं बघणाऱ्या सहकाऱ्याला विचारलं. तो तंजावरकडचा, त्याचं मराठी जुन्या वळणाचं, एरवी मला त्याची गंमत वाटायची. त्या दिवशी नाही वाटली. तो म्हणाला, होकार मागताना त्या माणसाच्या फोनवर शहराचं नाव दिसलं असणार. टीव्हीतली सगळी माहिती पुसून टाका, पुन्हा सुरू करताना खातं जोडू नका, नेट देऊ नका, जे जे विचारेल त्याला नकार द्या.

घरी आले तर बहीण टीव्ही लावून त्याच्या पुढ्यात बसलेली. खातं एकच, त्यामुळे तिचा नवरा फोनवर जे शोधत होता ते आमच्या भिंतीवर उमटत होतं. नागपूर चेन्नई गाडी. एग्मोर लॉज. त्याच्या खाली, चेन्नईत मराठी लोक कुठे राहतात. आम्ही बघत असतानाच सगळ्यात वर चौथी ओळ आली, अंबत्तूर. कुणीतरी माझ्या बदलीचं बोललं होतं. आमच्या नात्यात गुपित म्हणजे गावजेवण.

मी रिमोट मागितला. ती देईना.

"निदान तो कुठवर आलाय ते तरी कळतंय, ताई."

"तू त्याला बघतेयस, तसाच तो तुला बघतोय."

मी हे ओरडून म्हटलं, आणि तिचा हात चटकन कानावर गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बऱ्याच वेळाने तिनेच टीव्ही पुसला. तो पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागला. खातं हवं? कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं, आता नको. तिने ते दाबलं. काय बघता ते कळवू? तुमचा आवाज ऐकू? तुम्ही कुठे राहता ते बघू? नाही, नाही, नाही. तिला इतक्या वेळा नाही म्हणताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

सहकाऱ्याने गच्चीवर सरकारी फुकट डिश बसवून दिली. तिच्यावर एक मराठी वाहिनी दिसते, नाव नाही, नंबर नाही. आम्ही आवाज बंद ठेवून बघायचो. जिन्यात मराठी बोलायचं नाही असं ठरलं. पण आता काहीच कळत नव्हतं. तो गाडीत आहे की समोरच्या चहाच्या टपरीवर, कोण सांगणार? घंटी वाजली की आम्ही दोघी जागच्या जागी थिजायचो. दाराशी मी लाटणं ठेवलं होतं. आज हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

त्या शनिवारी बँकेतून आले तर मामी फाटकातच उभ्या. त्यांची तमीळ आता मला बऱ्यापैकी कळते. सकाळी एक माणूस आला होता म्हणाल्या, घरोघरी विचारत होता, दोघी मराठी बहिणी कुठे राहतात. गॉगल लावलेला. मी फाटक धरलं आणि विचारलं, तुम्ही काय सांगितलंत?

"सांगितलं, मराठी इथे कुणी नाही. वर राहतात त्या हिंदीवाल्या."

एवढं बोलून त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी चारदा सांगितलेलं त्या खरंच विसरल्या होत्या की सगळं समजून बोलत होत्या, मला आजही सांगता येणार नाही.

"बरोबर ना? हिंदीच ना तुम्ही?"

वर खिडकीत बहीण उभी होती, पडद्याआड, आमच्याकडे बघत.

"हो मामी," मी म्हटलं. "हिंदीच."