आत्या साक्षीला जायची तेव्हा

माझी आत्या सरकारी दवाखान्यात, अपघात विभागात डॉक्टर होती. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पोलीस तिच्यासमोर आणून उभं करायचे. ती त्यांना तपासायची, रक्ताचा नमुना घ्यायची आणि खटला उभा राहिला की कोर्टात साक्षीला जायची. शाळेला सुट्टी असली की मीही तिच्याबरोबर जायचे. पुकारा होईपर्यंत आम्ही बाहेरच्या गुळगुळीत झालेल्या बाकावर सफरचंदाच्या फोडी खात बसायचो, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चालीवरून त्यांची दुखणी ओळखायला ती मला शिकवायची. तशा दुपारी पुन्हा आल्या नाहीत.

घरीही तिचं वेड सुटायचं नाही. बाबा कामावरून उशिरा आले की ती दारातच म्हणायची, "या फरशीच्या रेघेवरून सरळ चालून दाखव." बाबा निमूट चालून दाखवायचे आणि विचारायचे, "आता जेवायला मिळेल, की रक्तही देऊ?"

कोर्टात तिची गाठ बहुतेक वेळा एकाच वकिलांशी पडायची. अंगाने काटकुळे, आवाज भारदस्त. ते आरोपीच्या बाजूने उभे राहायचे. पहिल्याच खटल्यात त्यांनी विचारलं होतं, "डॉक्टरबाई, सुई टोचण्याआधी कातडी कशाने पुसलीत?"

"स्पिरिटने. नेहमी पुसतो तशी."

"म्हणजे अल्कोहोलनेच?"

आत्याला 'हो' म्हणावं लागलं. आरोपी सुटला. घरी येऊन ती रात्रभर सगळ्यांवर चिडत राहिली. पण दुसऱ्या दिवशी तिने स्पिरिट नसलेलं जंतुनाशक मागवलं आणि या तपासणीला स्पिरिटची बाटली उघडायची नाही, असं नर्सना बजावलं.

पुढे कितीतरी वर्षं ते खोचक प्रश्न विचारत राहिले आणि ती खरं तेच सांगत राहिली. त्यापायी पोलीस तिच्यावर बऱ्याचदा नाराज असायचे.

मग एकदा वकीलसाहेबांच्या धाकट्या बहिणीला रस्ता ओलांडताना गाडीने उडवलं. जीव वाचला, पाय गेला. गाडी चालवणाऱ्याला आत्यानेच तपासलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. वर्ग बुडवून तिच्याबरोबर गेले. वकीलसाहेब या वेळी मागे, लोकांत बसले होते, बहिणीच्या कुबड्या मांडीवर धरून. आरोपीचा वकील एके काळी त्यांच्याच हाताखाली तयार झालेला.

"तोंडाला वास आला म्हणजे दारू चढलीच, असं म्हणता येईल?" त्याने विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली.

बहिणीने भावाचा हात घट्ट धरला.

"अपघाताच्या धक्क्यानेही माणूस अडखळतो ना?"

"हो, अडखळतो."

सरकारी वकिलांचा चेहरा उतरला.

"आणि रक्त घेताना कातडी स्पिरिटनेच पुसली असेल?"

"नाही. पूर्वी पुसायचो. ती खोड त्यांनी मोडली." आत्याने वकीलसाहेबांकडे बोट दाखवलं. न्यायाधीशांनाही हसू आलं. मग ती शांतपणे म्हणाली, "नुसता वास किंवा नुसती चाल पाहून मी काही ठरवत नाही. डोळे, बोलणं, चाल आणि रक्तातलं प्रमाण, सगळं मिळून सांगते. हा माणूस गाडी चालवण्याच्या अवस्थेत नव्हता."

त्याला शिक्षा झाली. निकालानंतर वकीलसाहेब जिन्यात भेटले. "तुमचं ते पहिलं 'नाही' ऐकलं आणि मला वाटलं, खटला गेला."

"'हो' म्हटलं असतं तर तुमच्या शिष्याने मला सोलून काढलं असतं," आत्या म्हणाली.

ते हसायला गेले आणि डोळे पुसू लागले.

आरोपींचे खटले त्यांनी तरीही सोडले नाहीत. प्रत्येकाला वकील लागतोच, असं ते म्हणत, आणि आत्यालाही ते पटायचं. निवृत्तीनंतर बहीणभाऊ रविवारी आमच्याकडे येऊ लागले. बहीण आत्याला विणकाम शिकवायची. आत्याचे टाके काही सरळ येत नसत.

आता त्यांच्यातलं कुणीच राहिलं नाही. बाबाही नाहीत. पण त्या रविवारी जुन्या खटल्यांवरून तिघंही एकमेकांचं बोलणं तोडत भांडत बसायचे, आणि शेवटी बाबा आतून म्हणायचे, "कोर्ट उठलं. घरी जा आता."

कुणी जागचं हलायचं नाही.