मोपाहून कोल्हापूर किती लांब?

विमानतळावर नोकरी धरली की किस्से शोधावे लागत नाहीत, ते बॅगांबरोबर आपोआप येतात. त्यातही गोव्यातल्या आमच्या मोपा विमानतळावरून कोल्हापूरला जाणाऱ्या चिमुकल्या विमानाचे किस्से न्यारेच. आणि त्या सगळ्यांत आमचा दत्तादादा असायचाच.

दत्तादादा इब्रामपूरचा, सामान चढवणारा. कुणाचीही बॅग झोपलेलं मूल उचलावं तशी उचलायचा. मी डिचोलीची, गेटवर पास तपासायला. त्याच्यासारखा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

*

एकदा कोल्हापूरचे एक आजोबा विमानात वहाणा काढून ऐसपैस मांडी घालून बसले. दुसरी वहाण सापडेपर्यंत मोपा आलं. परतीच्या वेळी दत्तादादाला म्हणाले, "तुमचं इमान लई गडबडीचं बाबा. जरा बसू तरी द्या की."

*

एका पाहुण्यानं दत्तादादाला विचारलं, "कोल्हापूर किती लांब हो?"

"विमानाक विचारशात तर शेजार. माझ्या बायलेक विचारशात तर परदेश."

पाहुणा हसला. आम्ही नाही हसलो, कारण दादाच्या घरात तोच वाद पेटलेला. त्याच्या मुलीला, शुभदाला, कोल्हापूरचा अजित आवडलेला. मुलगा गुणी, दादाला पसंत. पण त्याची बायको, आमच्या इंदूवहिनी, हटून बसलेल्या: घाटाची वळणं मला सोसत नाहीत, इतक्या लांब मुलगी देणार नाही. शुभदा जेवायची बंद झालेली.

*

बायकोला पटवायला दादानं सुट्टी घेतली. अंगणात उभं राहून वरून जाणारं विमान दाखवलं. वहिनी कपडे वाळत घालत होत्या. पिळे संपायच्या आत दादानं कोल्हापूरच्या दोस्ताला फोन लावला, विमान उतरल्याची खात्री केली आणि वहिनींना ऐटीत सांगितलं, "बघ, पावला!"

वहिनी म्हणाल्या, "विमान पावला. तू हंयच आसस मरे."

दादा दुसऱ्या दिवशी हा किस्सा स्वतःच सांगत आला. एवढं मोठं मन कुणाचं असतं?

*

शेवटी वहिनीच म्हणाल्या, "मी बघून येतंय." सकाळी एकट्या आल्या. मांडीवर फडक्यात पाववाल्या पोदेराकडचे ताजे, गरम पाव.

मला म्हणाल्या, "थंय पावल्यार हे गरम आसले, तर शुभदाक देतलंय. थंड झाले तर विषय संपलो."

मी ते लगेच दादाच्या कानावर घातलं. आणि नेमकं कोल्हापुरात धुकं! विमान सुटेना. दादा काचेपलीकडून प्रत्येक फेरीला आत बघायचा. वहिनी फडक्याला हात लावून नकारार्थी मान हलवायच्या. मी मनातल्या मनात नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला साकडं घातलं. विमानात चढताना वहिनींनी फडकं माझ्या हाताला लावलं. गार पडलेलं. दादानं लोकांच्या बॅगा चढवल्या, नेहमीसारख्याच जपून.

दुपारी फोन आला. दादाचे दोन्ही हात बॅगांत अडकलेले, म्हणून मीच स्पीकर लावला.

"पाव थंड झाले," वहिनी म्हणाल्या.

दादा ट्रॉलीवरच बसला. "मगे?"

"मगे काय? शर्त मी हंय कोणाकच सांगूक नाय. अजितान पाव हातात घेतल्यान, 'आई, थांबा की' म्हणालो आनी स्वता तवो ठेवल्यान. भाजून पयलो माका वाडल्यान."

दादा ट्रॉलीवरून ताडकन उठला.

"आयकतस मरे? साखरपुड्याक पाव खूप लागतले. पोदेराक आताच सांगून ठेव."