चार भक्कम दात

वरवे बुद्रुकच्या ठकुबाईला आजीनं तव्यावर तंबाखू भाजून पहिली मिश्री दिली तेव्हा ती आठ वर्षांची होती. शाळेची पायरी तिनं कधी चढली नाही. पंचेचाळिशीत तोंडात चारच दात उरले होते. काळे पडलेले, पण भक्कम.

मुलगा गंगाधर मात्र बी.कॉम. होऊन भोरच्या एका पतसंस्थेत चिकटला. २००२ साली त्याचं लग्न ठरलं. मुलीची आई, मालिनीबाई, भोरला शिक्षिका. बोलणी काका आनंदराव आणि काकी फुलाबाईनं केली. आईला गंगाधरनं पाहुण्यांपुढं येऊच दिलं नाही.

“विहिणीच्या पंगतीत मालिनीबाईंच्या शेजारी बसायचंय,” तो म्हणाला. “तोंड नीट करून घे, नाहीतर काकीला बसवतो.”

“आरं, पर आई मी हाय न्हवं?”

“तेच तर.”

भोरच्या डॉक्टरनं सांगितलेला खर्च ऐकून ठकुबाई उभ्या उभ्या परत फिरली. मग नसरापूरला फुकट कवळीचं शिबिर भरलं. तिथल्या नर्सनं तोंडात डोकावून सांगितलं, “मावशी, पूर्ण कवळी एकही दात नसलेल्यांनाच मिळते. तुमचे चार चांगले आहेत, जपा. आम्ही महिन्यानं परत येऊ.” हातात एक छापील कागद दिला.

कागद ठकुबाईनं घडी करून पिशवीत टाकला. वाचून दाखव म्हणावं तर गंगाधर पुन्हा तोंडावरून बोलणार.

पुढच्या बाजारी ती भोरला एसटी स्टँडबाहेर पक्कड घेऊन बसणाऱ्या दातवाल्यापुढं उकिडवी बसली.

“मावशे, हे हलत न्हाईत की!”

“म्हून तर आले. उपट.”

चौथ्या दाताला त्यानं तिच्या छातीला गुडघा लावला.

शिबिर परत आलं, तेव्हा लग्नाला आठ दिवस होते. ठकुबाईनं पदराची गाठ सोडून चारही दात पुराव्यादाखल डॉक्टरांपुढं मांडले.

“अहो, यांच्याच आधारानं दात बसवता आले असते,” डॉक्टर म्हणाले. “आणि दात काढल्यावर तीन महिने कवळी बसत नाही. कागदावर लिहिलं होतं ना?”

लग्नात ठकुबाईच्या नावानं घेतलेलं लुगडं नेसून फुलाबाई पंगतीला बसली. मालिनीबाईंनी विचारलं, “गंगाधररावांच्या आई दिसल्या नाहीत?”

“आजारी आहे. घरीच आहे,” गंगाधर म्हणाला.

ठकुबाई त्याच्या मागंच जिलब्यांची परात घेऊन उभी होती. तिनं तोंड उघडलं. गंगाधरनं वळून एकदाच पाहिलं.

“अहो मावशी, उभ्या काय राहिलात?” मालिनीबाई हसून म्हणाल्या. “आमच्या विहीणबाईंना वाढा की!”

ठकुबाईनं तोंडावर पदर ओढला, वाकली आणि जावेच्या ताटात दोन जिलब्या वाढल्या.