म्हाताऱ्याच्या डोळ्यातली खिडकी

"ह्याला आंधळा कुणी केला?" मॅडम चित्रापुढं उभ्या राहून म्हणाल्या, आन् मी हातातला ब्रश खाली ठेवला.

मी चाकणला एका शेडमधी टचअपला हाय. आमच्यात मोठ्या मशीनवर कॅनव्हासच्या कापडावर चित्रं छापतात. कापडावर धुळीचा कण असला की तिथं शाई बसत न्हाई, पांढरा ठिपका ऱ्हातो. त्याला व्हाइट स्पॉट म्हणायचं. तो बारीक ब्रशनं बुजवायचा, हे माझं काम. आधी मी गाडीच्या पार्टच्या कंपनीत चेकिंगला व्हते. तिथली सवय, डाग दिसला की सोडायचा न्हाई.

मॅडमचा चिंचवडला चित्रकलेचा क्लास हाय. त्यांनी रशियातलं एक जुनं चित्र छापायला दिलेलं, एकोणिसाव्या शतकातलं. गरीब म्हातारा शेतकरी. डोळे लाल, नाकावर मस, नखात माती. मी शेडच्या मालकांना, शेळके सरांना, विचारलं पण, "सर, हे पुसू का?" सर म्हणले, "हात लावू नको, मूळ चित्र तसंच हाय." मी न्हाई लावला. पण दोन्ही डोळ्यांत बारीक पांढरा ठिपका व्हता. तो बुजवला.

"कुणी केलं हे?" मॅडमचं ऐकून सर ओरडले. मशीनवरचे सलीमभाई माझ्याकडं बघायला लागले. लेक दीड वर्षाची, नवऱ्याचं काम सुटलेलं, ही नोकरी गेली तर खायचं काय? चूक मशीनवर ढकलावी असं आलं मनात. पण तोंडातनं निघालं, "मी, सर. व्हाइट स्पॉट वाटला."

"कापडाचा रोल संपलाय, दोन दिवस दुसरं छापता येत न्हाई. मॅडमना उद्या क्लासमधी लावायचंय. तू उद्यापासनं येऊच नको!"

"थांबा हो," मॅडम म्हणाल्या. मला दारापाशी उजेडात नेलं. "माझ्या डोळ्यात बघ. काय दिसतं?"

मी घाबरत बघितलं. त्यांच्या बुबुळात आमच्या शेडचं उघडं शटर दिसत व्हतं, पांढरं, एवढंसं.

"तसंच त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यात त्याच्या समोरची खिडकी होती. त्या चित्रकारांनी अशी साधी माणसं समोर बसवली आणि दिसली तशी काढली. मस काढला, तशी खिडकीपण काढली. आण, पांढरा रंग आणि सुई आण."

एक ठिपका मॅडमनी दिला. मग सुई माझ्या हातात दिली. "दुसरा तू."

"मला न्हाई जमायचं, मॅडम."

"जमेल. आधी थांब, मग टेकव."

टेकवला. आन् खरं सांगते, म्हातारा जिता झाला. सलीमभाई म्हणले, "देख, बुढा आता तुझ्याकडंच बघतोय." सरांनापण हसू आलं.

जाताना मॅडम सरांना म्हणाल्या, "हिला काढू नका. मशीनवर ढकलता आलं असतं तिला."

सरांनी काढलं न्हाई. मॅडमचं नाव मी रोज काढते. घरी जाऊन लेकीच्या डोळ्यात बघितलं, तर आमच्या खोलीची खिडकी, गजासकट.

आता चेहऱ्यावरचा ठिपका बुजवायच्या आधी मी मूळ फोटो बघते, दुसरा डोळापण बघते. धूळ काय दोन्ही डोळ्यांत एकाच जागी पडत न्हाई.